ना म्हणणारा डेटाबेस

सोनालीनं सकाळचा चहासुद्धा घेतला नव्हता, आणि त्याचं कारण तिनं सांगितलं असतं तर सुरतेत नवागामातल्या तिच्या गल्लीत ते कुणाला पटलं नसतं. माणसं लग्नाच्या धास्तीनं झुरतात, पोराच्या परीक्षेच्या धास्तीनं झुरतात. ही पोरगी डेटाबेसच्या धास्तीनं झुरत होती. डिंडोलीहून सचिन गावाला जाणाऱ्या शेअर रिक्षात दोन बायांच्या मधे अंग चोरून बसली होती आणि मनातल्या मनात पाढे म्हणावेत तशी म्हणत होती: मायएसक्यूएल, पोस्टग्रेस, एसक्यूएल सर्व्हर. किंमत, वेग, बॅकअप, बिघडलं तर दुरुस्तीला माणूस.

सचिनच्या जीआयडीसीत, म्हणजे तिथल्या औद्योगिक वसाहतीत, नटवरभाईंची डाइंग मिल होती. व्यापाऱ्यांचं कोरं कापड यायचं, इथं रंगून परत जायचं. सोनाली तिथं होळीनंतर कॉम्प्युटरवर लागली होती. मिलमधले रंगाचे मास्तर वाल्मिककाका तिच्या वडिलांच्या गावचे; त्यांनी शब्द टाकला म्हणून सेठ तयार झाले. तेही कसे, तर "गणपती बसेपर्यंत बघू, मग ठरवू" असं म्हणून. आता गणपती चार दिवसांवर आले होते, उधना दरवाज्यापासून सगळीकडे मांडव उभे राहिले होते, आणि कुठलाही मांडव दिसला की हिच्या काळजात धस्स व्हायचं. देवाच्या आगमनाची इतकी भीती दुसऱ्या कुणा मराठी माणसाला क्वचितच वाटली असेल.

घरात खुर्चीवर बसून पगार घेणारी ती पहिलीच. वडील चिंधा तीस वर्षं लूमवर उभे होते. ऐकू कमी यायला लागलं होतं आणि पाय सुजत होते. ही नोकरी कायम झाली तर त्यांना रात्रपाळी सोडता येणार होती. नाही झाली तर नाही. इतका सरळ मामला होता, आणि सरळ मामल्याचीच माणसाला जास्त भीती वाटते.

मिलचा सगळा कारभार एक्सेलच्या फायलींत चाले. एका वेळी रंगवायच्या मालाला लॉट म्हणत; प्रत्येक लॉटला नंबर, आणि नंबरापुढे कापड कुणाचं, रंग कोणता, त्यात कोणकोणते रंग किती टाकले ती सगळी रेसिपी. एकाच वेळी दोघांनी फाईल उघडली की एकाचं लिहिलेलं दुसऱ्याच्या हातून पुसलं जाई, आणि मग दोघं मिळून कॉम्प्युटरला शिव्या घालत. कंटाळून नटवरभाईंनी सोनालीला सांगितलं, "बेन, हे एक्सेल बंद करा. बाजारात डेटाबेस मिळतात ना? सगळे तपासा, आपल्या मिलला कोणता बरा ते सांगा." सेठ बोलायचे गुजरातीत, सोनालीही उत्तर गुजरातीतच द्यायची, आपण मात्र मराठीतच ऐकू.

तिनं स्थळं पाहावीत तसे डेटाबेस पाहिले. एसक्यूएल सर्व्हर घराणं मोठं, पण लायसन्सचा आकडा ऐकताच सेठनी कानाला हात लावला. उरले मायएसक्यूएल आणि पोस्टग्रेस. दोघंही फुकट, दोघंही जगभर नावाजलेले, दहा माणसांनी एकदम लिहिलं तरी गोंधळ न करणारे. मग तिनं चार वर्षांच्या फायली दोघांतही भरून बघायचं ठरवलं. सून घरी आल्याशिवाय तिचे गुण कळत नाहीत.

डेटाबेसला प्रत्येक लॉटची अशी एक ओळख लागते, जी दुसऱ्या कुठल्या लॉटची नसेल. सोनालीनं ती ठरवली: एप्रिल ते मार्च हे हिशेबाचं वर्ष आणि त्या वर्षातला लॉट नंबर. फायलीही तशाच, वर्षाला एक अशा होत्या. तिनं ओळी नंबराप्रमाणे लावल्या आणि भरायला घेतल्या. पहिल्याच झटक्यात पोस्टग्रेसनं हात वर केले. ही ओळख आधीच आहे, म्हणे, दुसऱ्यांदा घेणार नाही. मायएसक्यूएलही तेच म्हणालं. सोनालीला वाटलं, कारकुनांनी कॉपी-पेस्ट करताना एकच लॉट दोनदा डकवला असणार; त्यांचं ते रोजचंच होतं. म्हणून मायएसक्यूएलमध्ये तिनं एक सोय निवडली: तोच नंबर पुन्हा आला तर जुनी ओळ काढ, नवी ठेव. झालं, सगळं गुपचूप आत गेलं. पोस्टग्रेसमध्ये ती सोय कशी करायची ते तिला पटकन सापडलं नाही, आणि सेठ तर रोज विचारत होते, "थई गयुं?" म्हणजे झालं का? तिनं नाकारलेल्या ओळी एका बाजूला काढून ठेवल्या आणि तुलनेच्या तक्त्यात पोस्टग्रेसपुढे लिहिलं, "माहिती भरताना अडचणी येतात."

त्या नाकारलेल्या ओळी तिनं एकदाही नीट वाचल्या नव्हत्या. वाचल्या असत्या तर काही तरी निघालं असतं, निघालं असतं तर वेळ गेला असता, आणि गणपती काही थांबणार नव्हते. झाकली मूठ सव्वा लाखाची, असं तिनं स्वतःला समजावलं. पण मूठ आपलीच असली की आत काय आहे याची धाकधूक आपल्यालाच होते.

अकरा वाजता तिला केबिनमध्ये बोलावणं आलं. नटवरभाई तक्त्यावरून बोट फिरवत होते. साठीचा माणूस, कपाळावर चंदनाचा टिळा, समोर मोबाईलवर मिलमधले सगळे कॅमेरे चालू.

"या दोघांत फरक काय? दोन्ही फुकट आहेत तर?"

"सेठ, दोन्ही चांगले आहेत. फक्त... एक जरा कटकट करतो. काही ओळी घ्यायला नाही म्हणतो."

"ना पाडे छे?" सेठ हसले. "मग तो आपल्याला कशाला? धंद्यात ना म्हणणारा माणूस मी ठेवत नाही, मशीन कशाला ठेवू? दुसरा सगळं घेतो ना?"

इथं सोनालीनं म्हणायला हवं होतं, की सेठ, तो नाही का म्हणतो ते मी अजून पाहिलेलं नाही. शब्द जिभेच्या टोकापर्यंत आले होते. पण "ना म्हणणारा माणूस मी ठेवत नाही" हे तिनं आत्ताच ऐकलं होतं, आणि ते डेटाबेसबद्दल होतं की तिच्याबद्दल, हे विचारायची सोय नव्हती.

"हो सेठ, सगळं घेतो," ती म्हणाली.

"सरस! आजपासून तोच. वाल्मिक मास्तरला सांग, यापुढे रेसिपी नव्या सिस्टीममधूनच काढायची. आत्ता एक रिपीटचा लॉट लावायचाय, दोन हजार शहाऐंशी. व्यापाऱ्याचा फोन आला होता, मागच्या वर्षीचाच माल पुन्हा पाहिजे म्हणतो. त्यानंच मुहूर्त करू."

तिनं नंबर टाकला, रेसिपी आली, कागद छापून निघाला. सगळं एका मिनिटाच्या आत. सेठनी तिच्याकडे पाहून मान डोलावली, आणि खरं सांगायचं तर तिला क्षणभर फार बरं वाटलं. कागद वाल्मिककाकांकडे गेला.

दुपारी तिनं डबा उघडला. आईनं कळण्याची भाकरी आणि ठेचा दिला होता, तिचा जीव की प्राण. पण घास हातातच राहिला. चोराच्या मनात चांदणं, तशी तिची नजर सारखी त्या बाजूला काढलेल्या ओळींच्या फायलीवर जात होती. शेवटी डाव्या हातानं माऊस धरून तिनं फाईल उघडली. म्हटलं, एक तर बघू. कारकुनाची चूक दिसली की जेवू.

पहिल्याच ओळीतला लॉट तिनं मूळ फायलीत शोधला. नंबर दोनदा होता, तिच्या अंदाजाप्रमाणेच. पण एका ठिकाणी तारीख एप्रिलची, दुसऱ्या ठिकाणी मार्चची. कापड दोन वेगळ्या व्यापाऱ्यांचं. एक रंग लेमन, दुसरा नेव्ही ब्लू.

तिनं दुसरी ओळ पाहिली. तिसरी पाहिली. हे कॉपी-पेस्ट नव्हतं. हे खरोखरचे दोन वेगवेगळे लॉट होते आणि दोघांना एकच नंबर होता.

शेजारच्या टेबलावर हिशेबाचे भाई डब्यातलं शाक बोटांनी निपटत होते. तिनं शक्य तितक्या साध्या आवाजात विचारलं, "भाई, एका वर्षात एकच लॉट नंबर दोनदा कसा येतो?"

"एका वर्षात कुठे? दोन वर्षांत," भाईंनी मान वरसुद्धा केली नाही. "नंबर लाभपाचमला बदलतो. दिवाळीची सुट्टी संपून मिल उघडते, पूजा होते, सेठ पहिला लॉट लावतात, नंबर एक. त्यांच्या बापापासूनची रीत आहे. एवढंही माहीत नाही तुला?"

नव्हतं माहीत. कसं असणार? दिवाळी आली की नवागाम, डिंडोली, सगळ्या गल्ल्या रिकाम्या होतात. खानदेशाकडच्या गाड्यांना पाय ठेवायला जागा नसते. लाभपाचमला, म्हणजे कार्तिकातल्या पंचमीला, सुरतेत वह्यांची पूजा होत असते तेव्हा चिंधाचं सगळं घर शिंदखेड्याजवळच्या आपल्या गावात कपाशीच्या शेताच्या बांधावर उन्हं खात असतं. परत येईतो लूम धडधडत असतात. लहानपणापासून सोनाली याच शहरात राहिली होती, शाळा-कॉलेज इथंच केलं होतं, आणि हा एक दिवस तिनं इथं कधी पाहिला नव्हता.

आता सगळं फटाफट उलगडत गेलं. दिवाळीनंतर एकपासून निघालेला आकडा एप्रिलमध्ये दोन हजारांच्या घरात असे. पुढच्या दिवाळीला तो पुन्हा एक होई आणि त्यापुढच्या मार्चपर्यंत परत दोन हजारांच्या घरात पोहोचे. तो एप्रिल आणि हा मार्च, दोन्ही हिशेबाच्या एकाच वर्षात. काम जोरात असलं की मार्चचे लॉट एप्रिलच्या लॉटांच्या अंगावर चढत. पोस्टग्रेस खोटं बोलत नव्हतं. मायएसक्यूएलचाही काडीचा दोष नव्हता; तिनं सांगितलं तसं त्यानं केलं होतं. मार्चचा लॉट आला की एप्रिलचा पुसून टाकला होता. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि सकाळचा तो रिपीटचा लॉट दोन हजारांच्याच घरातला होता.

तिनं घाईनं माऊस ओढला. मूळ फाईल, मागचं वर्ष, दोन हजार शहाऐंशी. दोन ओळी आल्या. एप्रिल: रामा, म्हणजे मोरपंखी रंग, फोन केलेला व्यापारी. मार्च: वाईन, भलताच कुणी. छापून दिलेला कागद वाईनचा होता.

सोनाली डबा तसाच टाकून धावली. ऑफिसचा जिना, मग अंगण, मग डाइंगचं खातं. आत वाफ, दमट उष्मा आणि कानठळ्या बसवणारा आवाज. ऑफिसातली मुलगी इथं कधी येत नसे. कामगार हातातलं काम सोडून बघायला लागले. धावता धावता तिच्या मनात दोनच गोष्टी आळीपाळीनं येत होत्या: रंग मशीनमध्ये गेला असेल, आणि, परत जा, अजून कुणाला काही कळलेलं नाही. दुसरी गोष्ट मनात आली याची तिला पुढे कितीतरी दिवस लाज वाटत राहिली.

जेट मशीनमध्ये कापड पाण्यात फिरत होतं. बाजूच्या टाकीत रंग घोळून तयार होता, काळपट लाल. वाल्मिककाकांचा हात व्हॉल्व्हवर होता.

"काका, थांबाडा!" ती घरच्या अहिराणीत ओरडली. "रंग नका सोडू! मशीन थांबाडा!"

"काबरं? काय व्हयनं?"

"कागद चुकेल शे. मनी चूक शे. तो लॉट हाऊ नही."

वाल्मिककाकांनी तिच्या तोंडाकडे पाहिलं. चालू मशीन मास्तरानं आपल्या मनानं थांबवणं म्हणजे या मिलमध्ये सेठच्या पुढ्यातलं ताट उचलण्यासारखं होतं. पण त्यांनी आणखी काही विचारलं नाही. व्हॉल्व्हवरचा हात काढला आणि लाल बटण दाबलं. कापड पाण्यात लोंबत राहिलं.

नटवरभाई पाचव्या मिनिटाला हजर. कॅमेऱ्यात मशीन थांबलेलं दिसलं होतं. आले ते जेवणाचे हात तसेच घेऊन.

"कोणी थांबवलं?"

"मी, सेठ," वाल्मिककाका म्हणाले.

"मी थांबवायला लावलं," सोनाली म्हणाली. तिचा आवाज चिरकला, पण निघाला. आणि एकदा निघाला म्हटल्यावर थांबेना. लाभपाचम, एप्रिल, मार्च, रामा, वाईन, एकामागून एक सगळं तिनं सांगून टाकलं. शेवटी म्हणाली, "असे आणखीही लॉट आहेत. कितीतरी. मूळ फायली शाबूत आहेत, पण नव्या सिस्टीममध्ये ते गेले."

सेठनी टाकीतल्या रंगाकडे पाहिलं, मग कापडाकडे पाहिलं. कापड पांढरंच होतं.

"हे तुला आत्ता कळलं?"

आता "हो" म्हटलं असतं तर खपून गेलं असतं. "आत्ता कळलं," ती म्हणाली, "पण शंका कालपासून होती. त्या ओळी मी वाचल्याच नाहीत."

"मग सकाळी का बोलली नाहीस?"

"सकाळी हिंमत झाली नाही. तुम्ही म्हणालात ना म्हणणारा माणूस ठेवत नाही."

"आणि आता कुठून आली हिंमत?"

"आता कापड पाण्यात होतं, सेठ."

आजूबाजूचे कामगार उगीचच नळ्या-बादल्यांशी चाळा करायला लागले. नटवरभाईंनी जेवणाचे हात बाजूच्या नळाखाली धुतले. सोनालीला वाटलं, संपलं. वडिलांची रात्रपाळी तिच्या डोळ्यांपुढे आली, सुजलेल्या पायांसकट, आणि डोळे भरून आले. वाफेत ते कुणाच्या लक्षात आलं नाही एवढंच बरं.

"म्हणजे तो दुसरा खरा होता," सेठ म्हणाले. "ना म्हणणारा."

"दोन्ही ना म्हणत होते, सेठ. एकाचं तोंड मी बंद केलं होतं."

"तर मग उघड." सेठ जायला वळले, आणि पुन्हा थांबले. "पण मला एक सांग. नंबर लाभपाचमला बदलतो हे तर शेंबड्या पोरालाही माहीत आहे. तुला कसं नाही?"

"दिवाळीत आम्ही सगळे गावी असतो."

"सगळे?" त्यांनी खात्यावरून नजर फिरवली. दहा-बारा जण होते. बहुतेकांनी मान हलवली; वाल्मिककाकांनीही. पंचवीस वर्षं त्या मिलचे रंग कालवणाऱ्या माणसानं त्या मिलचा पहिला लॉट कधी पाहिला नव्हता, आणि ते सेठच्या आजपर्यंत ध्यानात आलं नव्हतं. ते काहीसे ओशाळले, असं सोनालीला वाटलं. कदाचित ते नुसतेच घामाघूम झाले असतील.

"कोणता डेटाबेस ते तू ठरव," ते म्हणाले. "नंबराबरोबर आपलं दिवाळीला बदलणारं वर्षसुद्धा लिही, विक्रम संवत, म्हणजे घोटाळा नाही. रीत मी बदलणार नाही. आणि या लाभपाचमला तू इथं पाहिजेस, सकाळी, पूजेच्या वेळी. एक नंबरचा लॉट सिस्टीममध्ये तू टाकायचा."

ते निघून गेल्यावर वाल्मिककाका रामा रंगाची रेसिपी मागायला लागले, तेव्हा कुठं तिच्या डोक्यात प्रकाश पडला. तिची मुदत गणपतीपर्यंतची. लाभपाचम त्याच्या पुढे दोन महिने. "कायम" हा शब्द सेठनी उच्चारलाच नव्हता, पण दुसरा अर्थ तरी काय होणार? तिच्या जिवात जीव आला आणि भूकही लागली.

संध्याकाळी घरी पोचली तर तिची आई मालतीबाई भाकरी थापत होत्या. चिंधा कामावर निघायच्या तयारीत खाटेवर बसले होते. नोकरी कायम झाली म्हणताच आईनं पिठाचे हात तसेच तिच्या गालांवरून फिरवून बोटं मोडली. मग सोनालीनं पुढचं सांगितलं: भाऊबीज झाली की मला परत यावं लागेल, लाभपाचमच्या आधी.

आईचा हात थांबला. "एकली? त्या दिनले गल्लीमा कोनी ऱ्हास का? कुत्रं बी नही ऱ्हात. मी नही धाडाव. सेठले सांग, जमाव नही."

"आई, आज सेठले एकदा ना म्हणीसन उनू. आते पुन्हा ना म्हनता येवाव नही."

मालतीबाईंनी तवा जोरात आदळला. भाकरी करपल्याचा वास सुटला, पण उतरवायचं त्यांना सुचेना. सेठपुढे उभं राहणं एक वेळ सोपं होतं. चिंधांना सगळं ऐकू गेलं की नाही, हे कळत नव्हतं. ते वाकून चपला चढवत होते, सुजलेल्या पायात त्या नेहमीच अडकायच्या.

"मी येस तिनासंगे," ते खाली बघतच म्हणाले.

"तुम्ही? दिवाई सोडीसन?"

"तीस वरीस व्हई गयात आठे ऱ्हाईसन," चिंधा म्हणाले. "लाभपाचमले सुरत कशी दिखस, ते मी बी देखेल नही."